मोफत बसने पाहिलेलं विद्यापीठ

बारावीचा निकाल लागला की सुरतेत आमच्या नवागामच्या गल्लीत कॉलेजचं फाटकसुद्धा न पाहिलेली माणसं इंजिनिअरिंगची सल्लागार होतात. मला मार्क बरे पडले आणि आठ दिवसांत सगळं ज्ञान घरपोच मिळालं. कॉम्प्युटरशिवाय दुसरी ब्रँच घेणं म्हणजे आयुष्य फुकट घालवणं. सरकारी कॉलेजात कोणी शिकवत नाही. प्रायव्हेट विद्यापीठात मात्र नोकऱ्या फाटकापाशी हात जोडून उभ्या असतात. हे शेवटचं सांगणारे शेजारचे काका विम्याच्या पॉलिसी विकायचे. त्यांची एकही पॉलिसी आम्ही घेतली नाही, पण त्यांचा हा सल्ला मी घेतला. तेव्हाची माझी अक्कल एवढीच.

शहराबाहेरच्या एका नव्या विद्यापीठाने पालकांना बघायला बोलावलं होतं. जायला यायला मोफत बस, वर जेवण. आईची शिवणाची कामं पडून होती, म्हणून पप्पांनी सुट्टी टाकली. पप्पा सचिनच्या औद्योगिक वसाहतीत लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, फिटर. माग बिघडला की आधी मालक त्यांच्या नावाने ओरडतो. त्या दिवशी त्यांनी लग्नातला शर्ट घातला होता.

इमारत काचेची होती. मे महिन्यात भाजून निघणाऱ्या सुरतेत काचेची इमारत बांधायला कोणती इंजिनिअरिंगची डिग्री लागते, ते मला आता विचारावंसं वाटतं. तेव्हा मी नुसती आ वासून बघत होते. एक कौन्सेलर ताई आम्हा वीस-पंचवीस जणांना फिरवत होती. तिने आधी कॅन्टीन दाखवलं, मग जिम, मग फोटो काढायची जागा. एका मुलीने लायब्ररी विचारली, तर ताई म्हणाली, "ती सगळी ऑनलाइन आहे."

शेवटी लॅब. टेक्स्टाइलच्या लॅबमध्ये मधोमध एक नवाकोरा दिसणारा रेपिअर माग ठेवला होता. पप्पा थेट त्याच्यापाशी जाऊन वाकले. मग लॅबच्या सरांना म्हणाले, "साहेब, आ चाले छे?"

"डेमो माटे छे," सर म्हणाले. म्हणजे नुसता दाखवायला.

"हा, पण चाले छे?"

सर हसले. पप्पा हसले नाहीत. त्यांनी मला मागापाशी यायला हाक मारली, "आठे ये व माय, हाई देख." प्रवासात भाग हलू नयेत म्हणून कंपनी मागाला लाल पट्ट्या ठोकून पाठवते. त्या पट्ट्या तशाच होत्या. म्हणजे आल्या दिवसापासून तो माग एकदाही चालला नव्हता. त्यावर शिकलेली एक अख्खी बॅच मात्र पास होऊन बाहेर पडली होती, तिचे हसरे फोटो भिंतीवर होते.

मी गेले नाही. चारचौघांत त्यांनी घरच्या अहिराणीत मारलेली हाक मला झोंबली होती. बाजूला उभ्या असलेल्या मुलीने विचारलं, "तुझे पप्पा?" मी म्हणाले, "नाही, ओळखीचे आहेत."

लॅबमध्ये पाना नव्हता. कोणीतरी जनरेटरच्या खोलीतून आणला. पप्पांनी बाह्या दुमडल्या, पट्ट्या काढल्या, कुठे तेल दिलं, कुठे नट आवळला. बटण दाबल्यावर माग धडधडला. धागा नव्हताच, रिकामाच चालला, पण चालला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विद्यापीठाच्या फोटोग्राफरने पप्पांचे चार-पाच फोटो काढले. सर लांब उभे राहून मोबाइल बघत होते.

मग आम्हाला टेबलापाशी बसवून फॉर्म भरायला घेतला. 'पालकांचं शिक्षण' या रकान्यात पप्पांनी नववी सांगितलं. ताई गोड आवाजात म्हणाली, "ग्रॅज्युएट लिहू का अंकल? बरं दिसतं."

पप्पा म्हणाले, "नववीच लिहा."

बसमध्ये त्यांनी विचारलं, "तुले आवडनं का?"

मी हो म्हणाले. इतकं बघूनही हो म्हणाले. घरी तीन दिवस तोंड फुगवून बसले, कारण मला ती काच हवी होती. पप्पांनी एवढंच सांगितलं, "ज्याले बंद मशीन दिसत नही, तो तुले काय शिकाडी?" त्यावर मी दार आपटलं.

आठवड्याने मोबाइलवर विद्यापीठाची जाहिरात आली. पाना हातात घेतलेले पप्पा, आणि खाली लिहिलेलं: 'आमच्या विद्यार्थ्यांना उद्योगतज्ज्ञांचं थेट मार्गदर्शन.' ज्यांना नववी बरी दिसत नव्हती, त्यांनी त्याच नववी पास माणसाला तज्ज्ञ करून विकायला काढलं होतं. आईने कौतुकाने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला. मला मात्र शरम वाटली, कारण विद्यापीठवाले निदान पप्पांना तज्ज्ञ तरी म्हणत होते. मी 'ओळखीचे' म्हणाले होते.

सरकारी प्रवेश फेरीचा फॉर्म मी त्याच दुपारी भरला. कॉम्प्युटर मिळालं नाही, इलेक्ट्रिकल मिळालं. इथे सरकारी कॉलेजात काच नाही, रंगही फारसा उरलेला नाही. एक सर वहीतून वाचून दाखवतात आणि वही त्यांच्या लग्नाआधीची असावी. ऑफिसातला क्लार्क प्रत्येकाशी भांडण उकरून काढतो. पण पहिल्याच महिन्यात आम्हाला एक मोटर उघडायला दिली. मी ती उघडली, परत जोडली, पहिल्यांदा ती उलटी फिरली, मग वायरींची अदलाबदल केल्यावर सरळ फिरली. पप्पांना फोन करून सांगितलं. लॅबमध्ये त्या मुलीला काय म्हणाले होते, ते मात्र अजून सांगितलेलं नाही. जीभ उचलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात उधन्याहून आईची एक मैत्रीण आपल्या मुलीला घेऊन सल्ला विचारायला आली. मी तासभर बोलले. लॅबमध्ये जा, मशीन चालू करायला सांगा, चालू नाही केली तर उठून या. दोघी मान डोलवत होत्या. पंधरा दिवसांनी कळलं, त्यांनी त्याच काचेच्या इमारतीत प्रवेश घेतला.

मी फोन केला. "मावशी, मशीन चालू करून बघितली का?"

"अगं, वेळच नाही मिळाला," मावशी म्हणाल्या. "पण तुमच्या कॉलेजात लिफ्ट तरी आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग?" मावशी म्हणाल्या.