घोडा, बकरी आणि माझे गुडघे

तिसरी मीटिंग संपली तरी माझ्या वहीत एकच वाक्य होतं. ‘दहा वर्षं प्रॅक्टिस करा, मग कळेल.’

हे बोलून चिन सिफू शांतपणे शेंगा सोलत बसले होते. सिफू म्हणजे गुरुजी. वय अठ्ठ्याहत्तर. फ्रीमाँटमधल्या एका स्ट्रिप मॉलमध्ये, डोनट शॉप आणि टॅक्सवाल्याच्या मधे त्यांची कुंग फूची शाळा आहे.

मी बिझनेस ॲनालिस्ट. क्लायंटच्या पोटात काय आहे ते काढून घ्यायचं आणि इंजिनियरांना कळेल असं लिहून द्यायचं, हे माझं काम. बँका झाल्या, हॉस्पिटलं झाली, एकदा तर कुत्र्यांच्या डे-केअरचं सॉफ्टवेअर केलं. कुत्र्यांनीसुद्धा मला याहून जास्त माहिती दिली होती.

या वेळी ॲप होतं कुंग फूचं. फोन समोर ठेवून सराव करायचा, कॅमेरा बघतो आणि चूक सांगतो. शैली दोन, हुंग गार आणि विंग चुन. दोन्ही दक्षिण चीनमधल्या, एकाच जळालेल्या मठातून निघाल्या अशी आख्यायिका. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात, तसंच. नवशिक्याला दोन्हींतला फरक कळावा म्हणून ॲपमध्ये तुलनेचं एक पान हवं होतं, आणि शुक्रवारपर्यंत त्यावर दोन्ही गुरूंच्या सह्या. नाहीतर क्लायंट प्रोजेक्ट कॅन्सल करणार, आमची टीम बंद होणार. माझी ग्रीन कार्डची फाइल याच कंपनीतून चालू होती, त्यामुळे हुंग गार आणि विंग चुनमधला फरक हा माझ्या घरातला प्रश्न झाला होता. नवरा रोज रात्री जेवताना विचारायचा, “काही फरक पडला का?”

चिन सिफू हुंग गारवाले. दुसऱ्या गुरू युन सिफू. साठीच्या, काटकुळ्या, विंग चुनवाल्या. मी मनातल्या मनात त्यांना युनबाई म्हणायचे. त्यांना विचारलं, “हुंग गार तुमच्यापेक्षा वेगळं कसं?”

“चांगलं आहे,” त्या म्हणाल्या. “घाम भरपूर येतो.”

चिन सिफूंना विचारलं, “आणि विंग चुन?”

“चांगलं आहे. खोली लहान असेल तर.”

दोघं इतकी सभ्य, की यात माहिती कुठली आणि टोमणा कुठला तेच कळेना. माझ्या नाकी नऊ आले.

सोमवारी सकाळी पुण्याहून आईचा फोन. “आज गुरुपौर्णिमा आहे गं. कुणीतरी शिकवणारं असेल तिथे, तर नमस्कार कर.” मी म्हटलं, बरं झालं, तेवढंच बाकी होतं. पण चौथ्या मीटिंगला गेले तर चिन सिफू एका बुटक्या स्टुलावर बसलेले. टेबलावर चहा तयार. म्हातारा माणूस, कशाला उठवायचं? मी गुडघ्यांवर बसले, दोन्ही हातांनी कप पुढे केला. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग सगळा चहा एका दमात संपवला. मला आईचं बोलणं आठवलं, म्हणून मी वाकून पायाला हात लावला.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या!

केविन नावाचा त्यांचा सर्वांत जुना शिष्य, पोस्टात नोकरी करणारा सव्वासहा फुटी गोरा माणूस, माझ्याजवळ आला. डोळ्यांत पाणी. म्हणाला, “वेलकम, धाकटी बहीण.”

मला काही कळेना. मग त्यानेच सांगितलं. गुडघ्यांवर बसून गुरूला चहा द्यायचा आणि नमस्कार करायचा, हाच त्यांच्याकडचा शिष्य होण्याचा विधी. गुरूने चहा प्यायला की झालं. केविनला त्या चहासाठी सहा वर्षं थांबावं लागलं होतं. मला चार मीटिंगा पुरल्या.

माझा बॉस सचिन, पक्का मुंबईचा. त्याला फोन केला.

“यार मृणाल, तू रिक्वायरमेंट आणायला गेली होतीस ना?”

“अरे, मी फक्त चहा दिला!”

“मग परत घे!”

तोवर बातमी युनबाईंपर्यंत पोहोचली होती. त्यांचा दोन ओळींचा ईमेल आला. तुम्ही आता चिनच्या घरातल्या. तुमची तुलना ही चिनची तुलना. मी सही करणार नाही.

झक मारली आणि नमस्कार केला, असं मला झालं. रडूच आलं, खरं सांगते. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून डोनट खाल्ला आणि युनबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. आई, पौर्णिमा, बुटकं स्टूल.

त्या म्हणाल्या, “गुरुवारी माझ्या शाळेत या. तीन दिवसांत चिनने काय शिकवलं ते बघते.”

हे चिन सिफूंना सांगितलं मात्र, ते हातातल्या शेंगा टाकून उठले. “तिच्यासमोर? माझी शिष्या? मीपण येणार.” शिष्य हसं करून घेतो तेव्हा इज्जत गुरूची जाते. ही भानगड आपल्याकडच्या गाण्याच्या क्लासांतही आहे.

गुरुवारी मी ऑफिसच्या पँटमध्ये मधोमध उभी, सचिन फोन घेऊन कोपऱ्यात. हुंग गारचा पहिला धडा म्हणजे घोडा. पाय लांब फाकवून, घोड्यावर बसल्यासारखं खाली बसायचं. मी बसले. म्हणजे जराशी वाकले.

“खाली!” चिन सिफू ओरडले. “मांड्या जमिनीला समांतर! पंजे सरळ पुढे! हा घोडा नाही, ही बसस्टॉपवरची बाई आहे!”

युनबाईंना राहवलं नाही. “इतकी खाली गेली तर उठणार कधी? पाय खांद्यांएवढेच ठेव. पंजे आत, गुडघे आत. मधे बकरी धरली आहे असं समज.”

“गुडघे बाहेर! ताकद जमिनीतून येते!”

“ताकद मधल्या रेषेतून येते. कोपरं आत घे. हातात काय लाटणं आहे?”

एकाने गुडघा बाहेर ढकलायचा, दुसरीने आत. चार मीटिंगांत जे निघालं नव्हतं ते धो धो वाहत होतं. का, कुठे, किती, सगळं. मी घोडा आणि बकरीच्या मधे लटकत ओरडले, “सचिन, रेकॉर्ड कर रे!”

“करतोय! हलू नकोस!”

वीस मिनिटांनी मी धाडकन बसले. दोन्ही गुरूंनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

“भयंकर आहे,” चिन सिफू म्हणाले.

“भयंकर,” युनबाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच दोघं हसली.

शुक्रवारी दोघांनी सह्या केल्या, पण अट एकच घातली. ती आम्हाला मान्य करावीच लागली.

तेव्हापासून नवीन ॲनालिस्ट आले की मी त्यांना एवढंच सांगते. तज्ज्ञाला फरक विचारू नका, तो गप्प बसेल. त्याच्यासमोर चूक करा, मग तो गप्प बसूच शकणार नाही.

आणि ती अट? तुलनेच्या पानावर तळाशी एक व्हिडिओ आहे, ‘दोन्ही शैलींमध्ये असं कधीही उभं राहू नका’. दोन्ही घराण्यांचं संपूर्ण एकमत असलेली ॲपमधली ती एकमेव गोष्ट. पँट माझीच आहे.