बिरोबाच्या गाभाऱ्यातला बॉम्ब

इन्फंट्रीच्या मॉर्टर प्लॅटूनमधून, म्हणजे उखळी तोफांच्या तुकडीतून, हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि भवानीनगरला राहू लागलो. नव्वदचं दशक होतं. हातात एक जुना कॅमेरा आणि अंगात भरपूर रग. लोणी भापकरच्या वीरगळांपासून सुरुवात केली. मग घरोघरी जाऊन लढाईतल्या वस्तूंचे फोटो काढू लागलो. वॉटर बॉटल, मेडल, गोळी चाटून गेलेलं हेल्मेट. बायको म्हणायची, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. म्हणू दे.

सांगवीच्या पलीकडे एका धनगर वस्तीवर बिरोबाचं देऊळ होतं. गाभाऱ्यात देवाशेजारी मॉर्टरचा एक बॉम्ब आडवा ठेवलेला. तोंडाकडून शेंदूर आणि भंडाऱ्याची जाड पुटं चढलेली. वस्तीतला शिपाई म्हाळू एकाहत्तरच्या लढाईत मॉर्टरच्या माऱ्यात पडला. देह घरी आला नाही. युनिटच्या स्वयंपाक्यानं हा बॉम्ब निकामी समजून आठवण म्हणून आणून दिला. डाळ शिजवणाऱ्याला बॉम्बातलं काय कळणार? म्हाळूच्या आईनं त्या बॉम्बालाच लेक मानलं. दर अमावास्येला त्याच्यापुढे नारळ फुटायचा.

मला आत सोडलं नाही. ड्रिलचा, म्हणजे सरावाचा बिनदारूचा, असेल असं समजून मी उंबऱ्याबाहेरून फ्लॅश मारला आणि परतलो.

बारामतीच्या स्टुडिओतून मोठी प्रिंट आली. शेपूट कॅमेऱ्याकडे होतं. टोकाच्या कॅपवर नळीतल्या फायरिंग पिनचा ठसा स्पष्ट दिसत होता. म्हणजे बॉम्ब नळीतून सुटला होता, पण फुटला नव्हता. असा बॉम्ब नुसत्या धक्क्यानंही फुटू शकतो. माझी पाचावर धारण बसली.

तसाच सायकलवरून वस्तीवर गेलो. म्हाळूचा भाऊ बिरूतात्या सगळं ऐकून घेऊन थंडपणे म्हणाला, "फोटू काढू दिला, तर आता देवच मागतोस व्हय?"

माणसं जमली. मी समजावण्याऐवजी त्यांची अक्कल काढली. माझी सायकल ओढ्यात गेली, आणि पुन्हा दिसलास तर तूही जाशील असं मला सांगण्यात आलं. मग मी पोलिसांकडे गेलो, आणि तिथून निरोप लष्कराला गेला.

बॉम्ब डिस्पोजलची टीम सकाळी आली. वस्ती आधीच गोळा झाली होती. पुरुष काठ्या घेऊन, बायका देवळाच्या उंबऱ्यात बसलेल्या. मध्यभागी म्हाळूची आई. ओढ्याच्या काठावर खड्डा तयार झाला.

रेडिओवर आलं, "पिट रेडी. ओव्हर."

"वेट. आउट," टीमचा कॅप्टन म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हवालदारसाब, आपके लोग हैं. समझाइए."

माझे लोक! एक जण माझ्या तोंडासमोर थुंकला. मी म्हातारीपुढं बसलो.

"आजी, हा तुमचा म्हाळू न्हाय. असल्याच बॉम्बानं म्हाळू मारला."

कुणीतरी माझी कॉलर धरली. म्हातारीनं हातानंच त्याला थांबवलं. देवापुढची भंडाऱ्याची वाटी तिनं माझ्यापुढं सरकवली.

"उचल भंडारा."

त्या लोकांत ही शेवटची शपथ. भंडारा उचलून खोटं बोललेल्याला कुणी दारात उभं करत नाही. मी मूठ भरली आणि सांगितलं, ह्या बॉम्बात दारू हाय, खोटं असंल तर बिरोबा बघून घेईल. सांगताना मला खरोखर भीती वाटली. पुटांखाली ड्रिलचं मार्किंग निघालं असतं तर?

म्हातारी उठली. तिच्यामागं बायका उठल्या. काठ्या मात्र कुणी खाली ठेवल्या नाहीत.

टीमच्या सॅपर्सनी बॉम्ब तान्ह्या पोरासारखा उचलून नेला आणि खड्ड्यात चार्ज लावून उडवला. खिडक्या हादरल्या, मेंढरं उधळली. "लाइव्ह था," कॅप्टन एवढंच म्हणाला. बिरूतात्यानं तोंड फिरवलं. त्यानंतर त्या वस्तीत मला कुणी पाणी विचारलं नाही.

म्हातारी तेवढी माझ्याजवळ आली.

"म्हाळ्याच्या येळंला असाच आवाज झाला असंल?"

"व्हय."

"मग त्येला काय कळलं नसंल."

मॉर्टरचे छर्रे लागलेली माणसं मी पाहिली आहेत. पाणी मागतात, आईला हाक मारतात, कधी दिवस मावळेपर्यंत.

"न्हाय आजी," मी म्हणालो. "कायबी कळलं नसंल."

ह्या वेळी तिनं मला भंडारा उचलायला लावला नाही.