उलट्या लवेचं अस्तर

सासूबाईंसाठी दोघी जावांनी मिळून रजई करायला घेतली. वरचा रंगीत भाग धाकटीने जोडला आणि घरभर तिचंच कौतुक सुरू झालं. थोरलीच्या वाट्याला अस्तर आलं. लग्न होऊन आल्यापासून घरातली सगळी शिवण तीच करायची, त्यामुळे तिच्या जिवाचा नुसता तिळपापड झाला.

मखमली कापडाचा पन्हा कमी पडत होता, म्हणून दोन तुकडे जोडायचे होते. दोन्हींची लव, म्हणजे मखमलीवरचे मऊ तंतू, एकाच दिशेला हवी, नाहीतर रंग वेगळा दिसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने एक तुकडा मुद्दाम उलटा लावला. अर्धं अस्तर गडद आणि अर्धं फिकं दिसू लागलं. आता धाकटीची रजई बिघडणार, या विचाराने तिला बरं वाटलं.

रजई तयार झाल्यावर सासूबाईंनी अस्तरावरून हात फिरवला. “अगं बाई, एकाच कापडात दोन रंग! धाकटे, काय डोकं गं तुझं!”

“अस्तर जाऊबाईंनी जोडलंय,” धाकटी म्हणाली.

“जोडलं असेल, पण सुचवलं तूच ना? तिला कुठलं असलं सुचायला!”

थोरलीला बोलायचीही सोय नव्हती. स्वतःचीच कल्पना म्हणावी, तर सासूबाईंना पटणार नव्हतं; रजई बिघडवायला मुद्दाम केलं म्हणावं, तर बिंग फुटणार होतं. ती जळफळत टाचण्या गोळा करत राहिली.