तळ्यातल्या माहेरी मोटारीने

जुने ड्रायव्हर एकत्र बसले की किस्से आठवावे लागत नाहीत. रस्त्याच्या धुळीसारखे ते अंगावर बसलेलेच असतात. झटकले की निघतात. माझी शाळा तिसरीत सुटली, पण सोलापुरात मोटारी बोटांवर मोजता येत होत्या तेव्हापासून मी स्टिअरिंग धरलं. आज एकाच दिवसाचे सांगतो. ऐकणारे हसतात. मला हसू येत नाही.

सुताचे व्यापारी अण्णा माझे मालक. त्यांनी कापडी टपाची जुनी मोटार घेतली. त्या साली पाऊस झाला नव्हता. मोहोळच्या पुढचं मोठं तळं आटलं आणि तळाशी बुडालेली वाडी वर आली. ते अण्णांच्या बायकोचं, काशीआक्कांचं, माहेर. तळं बांधलं तेव्हा त्या परकरात होत्या. भावाचा निरोप आला, बापाच्या घराचा उंबरा उघडा पडलाय, पण लोक गाड्या जुंपून दगड नेताहेत.

आक्का म्हणाल्या, "उंबरा हलायच्या आत त्यावर एकदा पाय ठेवू द्या. दुसरं कायबी मागत न्हाय."

"चल की! जाता जाता सगळा मुलूख बघू!" अण्णा म्हणाले.

*

सकाळी निघालो ते हिप्परग्याच्या तळ्याकडे.

मी म्हटलं, "अण्णा, मोहोळ तिकडं राहिलं."

"ठाव हाय. सरळ तर बैलगाडीबी जाती! मोटार कशाला घेतली मग?"

बांधावर उभं राहून त्यांनी हात लांब करून तळं दाखवलं, जणू स्वतःच खणलंय. आक्का उतरल्या नाहीत.

"बघितलंस का?"

"बघितलं. ह्यात पानी हाय. मला कोरडं तळं दावा."

*

मोहोळच्या अलीकडे एका गावतळ्याकाठी बाभळीखाली दशम्या सोडल्या. जेवून उठलो तर मोटारीच्या सावलीत, पुढच्या चाकाला टेकून म्हैस बसलेली! अण्णांनी हॉर्न वाजवला. तिने कान हलवला.

गुराखी लांबूनच ओरडला, "सावली तुमची असंल मालक, जागा तिची हाय!"

अण्णा पोट धरून हसले. आक्का सूर्याकडे बघत होत्या.

*

पुढच्या गावात पाटलांनी मोटार अडवली. ओळख सुताच्या बाजारातली. आमच्याकडे रीत आहे, आवडीचा पाहुणा लवकर निघतो म्हणाला की त्याचे बैल सोडायचे आणि जुवाच्या शिवळा, म्हणजे बैल अडकवायच्या खुंट्या, लपवायच्या. मग तो जेवल्याशिवाय जातो कुठे?

चहा झाला. मी मोटार सुरू करायला गेलो, तर पुढून घालून फिरवायचं हँडल गायब!

"शिवळ काढून ठिवली, पाव्हणं!" पाटील मिशीत हसले. "आता पुरनपोळी खाऊनच."

अण्णांना तर धन्य वाटलं. मोटारीला कुणी बैलाचा मान दिला नव्हता! आक्कांनी पाटलीणबाईंचे हात धरले. "बाई, मला लांब जायचंय. उंबरा जाईल माझा."

"जाशील गं. माहेरला आल्यावानी बस की घडीभर!"

पोळ्या झाल्या. जेवणं झाली. मग हँडल सापडेना. ते पाटलांच्या आईने लपवलं होतं आणि म्हातारी मळ्यात गेली होती. तिला आणायला माणूस धाडला. ती आली ती हसतच. हँडल कणगीतल्या ज्वारीतून निघालं. रागवायचं कुणावर? सगळे मायेचेच होते.

*

तळ्यावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. भेगाळलेल्या गाळात जोत्यांच्या ओळी दिसत होत्या. समोरून दगडांनी भरलेली एक गाडी कुरकुरत चढ चढून गेली. आक्कांचा भाऊ गाळातून धावत आला.

"आक्का, किती वाट बघितली गं! मघाशीच न्हेला. विहिरीच्या पायरीला. म्या लई हाता-पाया पडलो."

आक्का भावाच्या मागून गाळ तुडवत गेल्या. अण्णा आणि मी मागे. उंबऱ्याच्या जागी ओलसर खड्डा राहिला होता. भिंती नाहीत, दार नाही, वर नुसतं आभाळ.

अण्णा खड्ड्याच्या अलीकडेच थांबले.

आक्कांनी पदर डोक्यावर घेतला, लुगडं जरा उचललं, पाय उंच टाकला आणि खड्डा ओलांडून आत गेल्या. मग मागे वळून अण्णांना म्हणाल्या, "डोकं संभाळा. चौकट बुटकी हाय."

अण्णांनी फेटा काढून हातात घेतला आणि वाकून आत गेले.