शिट्टी होण्याआधी

कुसुमचा फोन सकाळी आला. "ताई, हे गेले." इतक्या हळू, की मला आधी वाटलं लाइन खराब आहे. मी म्हटलं, "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही." ती पुन्हा तशीच कुजबुजली. मोठ्या आवाजाचा ज्याला त्रास व्हायचा तो माणूस आता नव्हता, पण तिच्या गळ्याला ते अजून कळलं नव्हतं...

अमेय, रेवा, नंतरच्या महिन्याभरात कुसुमच्या नवऱ्यावर, दिगंबररावांवर, पुष्कळ छापून आलं. शहर सोडून वरवट बकालच्या रानात गेलेला, शांतता रंगवणारा चित्रकार. ते सगळं तिकडे परदेशात वाचून तुम्ही मला विचारलंत, आजी, आपल्या घरात असा माणूस होता, तुला अभिमान वाटत असेल ना? नाही वाटत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायची रीत मला माहीत आहे. पण ती शांतता आली कुठून, हे कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

कुसुम माझी धाकटी बहीण. लहानपणी ती हसली की शेजारची माणसं कारण न विचारता हसू लागत. लग्नानंतर पुण्यात राहिली. मग दिगंबररावांना पुण्याचा गोंगाट सोसेना, आणि दोघं आमच्या वडिलांनी शेतात बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आली. खेडं गप्प असतं असं त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पहाटे ट्रॅक्टर, मग विहारातली वंदना, मग पिठाची गिरणी. त्यात ज्वारीला दाणा भरला, तशी शेजारची गोकर्णा मचाणावर चढून डबडं बडवू लागली. दिगंबरराव तिला थांबव म्हणून सांगायला गेले. ती वरूनच म्हणाली, "भाऊ, मी डबडं नाही वाजवलं तं पाखरं सारी ज्वारी खाऊन जातीन. त्यायले काय तुमचं चित्र दाखवू?" गाव आठवडाभर हसत होतं. गाव काही त्यांच्यासाठी गप्प बसलं नाही. मग त्यांना लागणारी सगळी शांतता त्यांनी एकट्या कुसुमकडून वसूल केली.

कोंबड्या गोकर्णाला देऊन टाकल्या. रेडिओ कपाटात गेला. खुर्चीच्या पायांना जुने मोजे चढले. कुकरची शिट्टी त्यांना अजिबात चालायची नाही, म्हणून वाफ फुसफुसायला लागली की कुसुम धावत जाऊन गॅस बंद करायची. वरण कच्चं राहिलं की तेच नाक मुरडायचे, ते वेगळं. एकदा मी गेले असताना आम्ही दोघी वडिलांची कसलीशी आठवण काढून हसलो. दिगंबरराव ब्रश घेऊन दारात येऊन उभे राहिले. कुसुमचं हसू मधेच तुटलं. "हळू बोल ना ताई," ती म्हणाली, "ते काम करून राह्यले." मी त्यांना विचारलं, "हसूही चालत नाही का?" ते म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं. एकदा तडा गेला की सगळा दिवस जातो." मी म्हटलं, "मग सातपुड्यात जाऊन राहा. जवळच आहे." तिथे जेवायला कोण घालणार, हा विचार त्यांनी केला असावा. ते परत आत गेले.

चित्रं वाईट होती असं मी म्हणणार नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या रानासारखं एक मोठं, करडं चित्र मी मुंबईच्या प्रदर्शनात पाहिलं, आणि त्याच्यासमोरून मला पटकन हलता आलं नाही. त्याचाच मला जास्त राग आहे. तिथे कुणीतरी त्यांना विचारलं, ही शांतता तुम्हाला कुठे मिळते? ते म्हणाले, "मातीत." कुसुम चार पावलांवर, भिंतीला लागून उभी होती...

दिगंबररावांचे दिवस झाल्यावर मुंबईहून त्यांची मित्रमंडळी आली. ते घर तसंच जपायचं, तरुण चित्रकारांनी तिथे येऊन एकांतात काम करायचं, अशी त्यांची कल्पना. "कुसुमताईंनी फक्त चहा-जेवणाचं बघावं. त्यांना इथली शिस्त माहीत आहे." कुसुमनं खाली बघूनच काहीतरी म्हटलं. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. मला ऐकू आलं होतं, पण ते मी तिच्या वतीनं सांगितलं नाही. ती थांबली, घसा खाकरला. "नाही म्हणून राह्यली मी," ती म्हणाली, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घर माह्या बापाचं आहे. गोकर्णाले कापूस ठेवायले देतो."

आता ती मलकापूरला माझ्याकडे असते. घरामागून गाड्या जातात, रस्त्यावर ट्रकचे हॉर्न, त्याची तिला काही अडचण नाही. पण काल मी तुरीची डाळ लावली होती. वाफ फुसफुसली, तशी ती हातातली भाजी टाकून उठली आणि गॅस बंद करून आली. आपण काय केलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. मी गॅस पुन्हा पेटवला आणि तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. शिट्टी झाली. कुसुमनं कुकरकडे नाही, मागे वळून दाराकडे पाहिलं.