समुद्राकाठच्या बाजारात शांता हरवली तवा

दिग्रसहून निघालो त्या दिवशी एसटी यायले वेळ होता, म्हणून शांतेले घेऊन कापसाच्या जिनावर, माह्या जुन्या कामावर, एक चक्कर मारली. कापसाचे भाव असे बसले की गाड्या यायच्याच थांबल्या, अन् जिनाले कुलूप लागलं. फाटकाच्या आत माहा काटा होता. तीस वर्षं मी त्याच्यावर कापूस तोलला. तो भंगारवाल्यानं उपटून नेलता, खाली चौकोनी खड्डा राह्यला होता. शांता लग्न होऊन आली तवा मायनं तिले सांगतलं होतं, "याले धुंडायचं असन तं घरात पाहू नको, काट्यापाशी जाय." शांता त्या खड्ड्यापाशी उभीच राह्यली. मी म्हणलं, चाल, गाडी चुकन.

नामा, भाऊ माह्या, स्टँडवर तू रडलास. मी नाई रडलो. आता खरं सांगतो, मले भेव वाटत होतं. चौथी शिकलेला म्हातारा, पोरीच्या भरवशावर हेलसिंकीले राहाले निघाला होता. सुषमा इथं दवाखान्यात नर्स आहे.

या गावाच्या पायाशीच समुद्र आहे, अन् समुद्राले लागून जुना बाजार. लांबच्या लांब, लाल विटांचा, मधात पिवळट पट्टे. आत दोन्ही अंगानं लाकडी दुकानं, रेल्वेच्या डब्यासारखी. मासे, चीज, हरणाचं मटन. बाहेर धक्क्यावर नारंगी तंबू अन् बोटी. मागं चढावर पांढरं चर्च, हिरव्या घुमटाचं. पक्षी असे दांडगे, हातातला घास नेतात.

पैल्यांदा दोघंच बाजारात निघालो तवा सुषमानं पत्त्याची चिठ्ठी देली. "बाबा, खिशात ठेवा."

मी म्हणलं, "शंभर बैलगाड्यांत मी कधी चुकलो नाई, या एका छपराच्या सपरीत चुकतो काय?"

"घ्या न बापा," शांता म्हणाली, "चिठ्ठी काय चावते काय तुमाले?"

नाई घेतली.

आत गेल्यावर एका मासेवालीच्या दुकानापाशी जुना पितळी काटा दिसला, दोन पारड्यांचा, चकचकीत पुसलेला. मी दांडी हलवून पाह्यली, हलेच ना. "शोभेचा आहे," मी म्हणलं, "पावशेर मिरची तोलता येत नाई याच्यावर." अन् तोऱ्यात पुढं निघालो. पार दुसऱ्या टोकाले गेल्यावर मागं पाह्यलं, तं शांता नाई.

पैले राग आला. मग भेव. "शांता!" म्हणून ओरडलो. तिथं कोणी ओरडत नाई, सारे माह्याकडंच पाहाले लागले. तिनं लुगड्यावर काळा कोट घातलता, अन् तिथं सारेच काळ्या कोटात. धावत धक्क्यावर गेलो. एक बोट नुकतीच सुटली होती. वर गर्दीत एक बाई, डोक्याले शांतेसारखंच फडकं बांधलेली, पाठमोरी. बोट अन् धक्क्याच्या मधात काळं पाणी रुंद होत होतं, त्याच्यावर बर्फाचे तुकडे. शांतेची सवय मले माहीत, गर्दी जाते तिकडं ते जाते. ते बोट कोठी जाते, मले माहीत नोतं. इथल्या बोलीत तिले 'पाणी' बी मांगता येत नाई.

एक उंच माणूस जवळ आला, काही तरी विचारलं. मी हात झटकला, जाय बापा, माहं मी पाहतो. धक्क्यावर दोन चकरा मारल्या. बोट बारीक झाली. तो माणूस तिथंच उभा होता. शेवटी मी त्याले हात जोडले. बाजारात कोणाले हात जोडायची माही पैली वेळ. तोंडातून एकच निघालं, "शांता."

त्यानं माहं कोपर धरलं अन् आत नेलं. पितळी काट्यापाशी स्टुलावर शांता बसली होती, हातात कॉफीचा कप. मासेवालीनंच त्या माणसाले मले धुंडाले धाडलं होतं. मी त्याचं पैल्यांदाच ऐकलं असतं तं कवाचाच पोचलो असतो.

"कोठी होती वं तू?"

"कोठी म्हणजे? इथीच. तुमीच भटकून राह्यले. तुमच्या मायनं सांगतलं होतं न, काट्यापाशी जाय म्हणून."

"अवं, हा काटा खोटा आहे."

"असन. पण आले न तुमी?" अन् मग तिनं कप खाली ठेवून माही बाही घट्ट धरली. तिलेही तेवढंच भेव वाटलं होतं.

नामा, तू फोनवर विचारतोस, घराची याद येते काय. येते. जिनातला तो खड्डा बुजवला म्हणतोस, ते ऐकून दोन घास कमी गेले. इथलं भेवही गेलं नाई, बोटीचा भोंगा वाजला की अजून मी पैले शांता कोठी आहे ते पाहतो. पण दर शनिवारी आमी बाजारात जातो. चिठ्ठी खिशात असते. शांता निवांत दुकानं पाहत फिरते, मासेवालीसंग खुणेनं हासते. मी काट्यापाशी उभा राह्यतो, अन् शांता येईपर्यंत हालत नाई.