भागीरथाबाईची कुत्री

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. प्रार्थनेत देवापुढेही नाही — तिथंही मी ‘माझी पापं’ म्हणून मोघमच बोललो.

आदिलाबाद जिल्हा आंध्रात होता, तेव्हाची गोष्ट. तलमडुगूकडच्या एका खेड्यात मी पास्टर होतो. भागीरथाबाई दर रविवारी प्रार्थनेला यायची — विधवा, कापूस वेचून पोट भरणारी. मागोमाग तिची पिवळी कुत्री. गाणी सुरू झाली की दाराशी बसून तीही गळा काढायची. लोक हसायचे. आणि मी काय सांगत असायचो? प्रेमच. चिमणीचीही देवाला काळजी आहे, मुक्या जिवाला दुखवू नका —

एका रविवारी आदिलाबादहून मोठे पास्टर आले. मी उपदेशाला उभा राहिलो आणि कुत्रीनं सूर लावला. पाहुणेही हसले. एवढंच. एवढ्यासाठी माणूस काय करतो?

दुसऱ्या दिवशी बाई वेचणीला गेल्यावर मी भाकरीला कपाशीवर फवारायचं औषध लावलं. कुत्रीनं माझ्या हातून खाल्लं. ओळखीचा होतो ना.

संध्याकाळी बाईनं मला बोलावून घेतलं. कुत्री अंगणात तडफडत होती, तोंडाला फेस. बाई म्हणाली, “पास्टरसाब, हिच्यासाठी प्रार्थना करा. मुक्या जिवाचं बी देव आयकते म्हनता ना तुमी?”

मी केली. डोळे मिटून, मोठ्यानं. आमेनही म्हटलं.

बाईचा संशय गेला भावावर. गंगाराम शेजारीच राहायचा. कुत्री त्याच्या कोंबड्या धरायची, त्यावरून भांडणं व्हायची. तिनं त्याच्याशी बोलणं सोडलं. तिला दुसरं कुणी नव्हतं. मन जळतं म्हणून ती माझ्याकडे आली. तेव्हा तरी —? नाही. मी तिला म्हणालो, भावाला क्षमा कर.

‘क्षमा कर’ म्हणालो मी. म्हणजे त्यानंच मारली, यावर माझा शिक्का पडला.

तिला क्षमा जमली नाही. वर्षं गेली. शेवटच्या दुखण्यातही तिनं गंगारामला घरात येऊ दिलं नाही. तिच्या मातीला तो कुंपणाबाहेर उभा होता. मी जवळ गेलो तर हळूच म्हणाला, “मी नाई मारली तिची कुत्री, पास्टरसाब.”

“देवाला ठाऊक आहे,” मी म्हणालो.

त्याला वाटलं, मी धीर देतोय. त्यानं मान हलवली. मी परत खड्ड्याशी आलो आणि पुढचं वचन वाचलं.